शेपटीवालं वाघूळ: जिनिंगमधल्या एका ओळखीचं प्रकरण

अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. गावाबाहेर एक जुनं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. रेचे, प्रेस सगळं कधीच भंगारात गेलं, उरल्या त्या विटांच्या उंच भिंती, वर टिनं आणि भिंतीत बसवलेले सागवानी चौकटींचे झरोके. मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी मालकानं टिनं आणि लोखंडी कैच्या विकायला काढल्या. तिसऱ्या दिवशी कामावरची माणसं खाली उतरली आणि परत चढायला तयार होईनात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. वटवाघळांचा अभ्यासक वगैरे नाही. नववीतला एक मुलगा सायकल दामटत घरी आला आणि दारातूनच ओरडला, "सर, वाघूळ सापडलं! शेपटीवालं हाय, उंदरावानी!"

जिनिंगवर पोचलो तेव्हा मिस्त्री वैतागलेला होता. "मास्तर, थे आंगावर पडून राह्यले. केसात गुतलं तं काय करा?" जिनिंगचे जुने चौकीदार आबा बाजूला बिडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "काही नाही करत थे. चाळीस साल झाले पाहून राह्यलो. दिवस बुडाला का थेंब पडल्यावानी टपटप खाली येते, मंग उडते."

आबांचं हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. हे वाघूळ कोणत्या जातीचं, या ओळखीचा अर्धा पुरावा त्यातच होता, हे कळायला मला पंधरा दिवस लागले.

पहिलं उत्तर, आणि ते का चुकलं

झरोक्याच्या वरचा सागवानी पाटा आणि वीट यांच्यामध्ये दोन बोटांची फट पडली होती. मिस्त्रीनं पाटा उचकटल्यावर तिथली वाघळं बाहेर पडली. बहुतेक उडून गेली, एक मात्र फरशीवर राहिलं. ते पंख दुमडून, मनगटांवर भार देऊन, खेकड्यासारखं पण भलत्याच वेगानं भिंतीकडे पळत होतं. वेल्डरचे चामडी हातमोजे मागून घेतले आणि ते एका सुती पिशवीत घातलं. उघड्या हातानं वटवाघूळ धरू नये. चावलं तर रेबीजची भीती असते आणि प्राण्यालाही इजा होते. वनरक्षकांना फोन करून कळवलं.

पिशवीच्या तोंडातून मला पहिल्यांदा दिसली ती शेपटी. काळपट, जाड, बोटाच्या पेराएवढी मोकळी. काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत एका किल्ल्याच्या अंधाऱ्या खोलीत लांब शेपटीची वाघळं पाहिली होती, त्यांना उंदीरशेपटी वटवाघूळ म्हणतात हे तेव्हाच वाचलं होतं. झालं! मुलांना तिथल्या तिथे सांगितलं, हे उंदीरशेपटी, वंश राइनोपोमा (जवळच्या जातींचा गट तो वंश, वंशांचा गट ते कुळ). शाळेच्या निसर्गनोंद वहीत तारखेसह लिहून टाकलं. अमरावतीच्या एका संशोधक ताईंना फोटो पाठवला आणि खाली स्वतःचा निकालही लिहिला.

त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "सर, शेपटी किती लांब आहे ते नका सांगू, कातडं शेपटीवर कुठे संपतं ते सांगा."

शाळेच्या कौलांत राहणाऱ्या छोट्या वाघळांना आमच्याकडे पाकोळी म्हणतात. (पाकोळी हाच शब्द एका भिरभिरणाऱ्या पाखरालाही चालतो. उडण्याच्या ढंगावरून वर्ग पाडणं ही आपली जुनी रीत.) या पाकोळीच्या मागच्या दोन पायांमध्ये पातळ कातड्याचा पडदा असतो आणि शेपटी जवळजवळ पूर्ण त्या पडद्यात असते. आपल्या भागात या नियमाला तीन अपवाद भेटू शकतात. उंदीरशेपटीत पडदा अगदी आखूड असतो आणि दोरीसारखी बारीक शेपटी अंगाच्या लांबीइतकी बाहेर लोंबते. देवळांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींना चिकटून राहणारी टॅफोझोस वंशाची वाघळं आहेत, त्यांची शेपटी पडद्याला वरच्या बाजूनं भोक पाडून बाहेर आल्यासारखी दिसते. आणि तिसरी मुक्तशेपटी, म्हणजे मोलोसिडी कुळातली. त्यांचा पडदा शेपटीच्या साधारण अर्ध्यापर्यंत येतो आणि पुढे जाड शेपटी तशीच मोकळी जाते.

पिशवी परत उघडली. पडदा शेपटीच्या निम्म्यापर्यंत होता. मागचा पाय हलक्या हातानं ताणला तेव्हा पडदा शेपटीवरून पुढे सरकला, पाय सोडला की मागे आला. सदऱ्याची बाही दंडावर वर-खाली करावी तसा. उडताना हे वाघूळ पडद्याचा आकार असा कमी-जास्त करू शकतं. उंदीरशेपटीत सरकायला पडदाच उरलेला नसतो.

मग बाकीच्या खुणा आपोआप दिसायला लागल्या. त्या आधीही तिथेच होत्या, मीच बघितल्या नव्हत्या. उंदीरशेपटीच्या नाकावर छोटा मांसल उंचवटा असतो, इथे नाक साधं होतं. वरचा ओठ जाड, उभ्या सुरकुत्यांचा. कान जाड, पुढे झुकलेले, टोपीच्या छज्जासारखे. पाय आखूड आणि दणकट, बोटांच्या कडेला ताठ वाकडे केस. पंख लांब आणि अरुंद. अशा पंखांचं वाघूळ उघड्या आभाळात वेगानं उडतं, झाडीत वळणं घेणं त्याला जमत नाही. आणि फटीतून सुटताना ते आधी खाली पडतं, पडता पडता वेग घेतं आणि मग पंख उघडतं. आबांचा थेंब तो हाच.

मोजमापही केलं. भौतिकशास्त्राच्या पेटीतला व्हर्नियर घेतला. पंख मिटलेला असताना कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजतात, त्याला अग्रबाहू म्हणतात, आणि वटवाघळांच्या ओळखीत हे माप पहिलं मागितलं जातं. तीनदा मोजलं: ४९.१, ४८.८, ४९.३ मिलिमीटर. वजनासाठी गावातल्या सोनाराचा काटा आणला, पिशवी वजा जाता १७ ग्रॅम. सोनारानं काटा पुसून परत घेतला आणि मजुरी विचारली नाही, एवढं त्याचं ऋण.

सोडताना मात्र गाढवपणा केला. मोकळं मैदान बघून तळहातावरून वर भिरकावलं, ते चार फुटांवर धप्पकन पडलं. लांब अरुंद पंखांच्या या वाघळांना जमिनीवरून उठणं अवघड जातं, त्यांना उंची लागते. मग विटांच्या भिंतीला लावलं. भरभर दहा-बारा फूट वर चढलं, थांबलं, आणि थेंबासारखं सुटलं.

दुसरं उत्तर, आणि तेही चुकलं

कुळ नक्की झालं, पण वंश? मोलोसिडी कुळात जगभर सव्वाशेच्या वर जाती आहेत. भारतात त्यांतल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच. एक रॉटनचं मुक्तशेपटी, ओटोमॉप्स रॉटनी. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमसनं १९१३ साली त्याचं वर्णन केलं ते बेळगावजवळच्या बारापेडे गुहेतल्या नमुन्यांवरून. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. पण त्याचा अग्रबाहू साठीच्या पुढे आणि कान प्रचंड, डोळ्यांवरून पुढे आलेले. ते बाद. टॅडारिडा टेनिओटिस हेही साठीच्या आसपासचं, तेही बाद. उरली दोन: इजिप्ती मुक्तशेपटी, टॅडारिडा इजिप्तिआका, आणि सुरकुत-ओठी, केरेफॉन प्लिकॅटस.

नावावर जाल तर फसाल, आणि मी गेलो. आमच्या वाघळाच्या ओठावर सुरकुत्या होत्या, प्लिकॅटस म्हणजे घड्या पडलेला, तेव्हा हे सुरकुत-ओठीच. पण ओठ सुरकुतलेला दोघांचाही असतो. हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनननं १८०० साली बंगालमधल्या नमुन्याला दिलं तेव्हा त्याच्यासमोर शेजारी ठेवून बघायला इजिप्ती मुक्तशेपटी नव्हतं, त्याचं वर्णन व्हायला आणखी १८ वर्षं होती. पहिल्यानं पाहिलं त्याला जे ठळक दिसलं ते नाव झालं. मापानंही सुटका नाही, दोघांचे अग्रबाहू एकमेकांच्या हद्दीत शिरतात आणि ४९ दोन्हीकडे बसतो.

खरी खूण कानांत आहे. केरेफॉनमध्ये दोन्ही कान कपाळावरून जाणाऱ्या कातड्याच्या पट्टीनं जोडलेले असतात. इजिप्ती मुक्तशेपटीचे कान कपाळावर जवळजवळ एकाच ठिकाणाहून निघतात, पण मध्ये पट्टी नसते. मी माझा फोटो मोठा करून पाहिला, कान जोडलेले दिसले. ताईंना कळवलं: केरेफॉन, पक्कं. वहीत राइनोपोमा खोडून तसं लिहिलंही.

(इथे आणखी एक गंमत आहे. उंदीरशेपटीचेही कान कपाळावर जोडलेले असतात. म्हणजे 'जोडलेले कान' एवढी एकच खूण धरून बसलो असतो तर फिरून पहिल्या चुकीवर जाता आलं असतं.)

ताई जूनच्या मध्यावर स्वतः आल्या, वनविभागाची परवानगी घेऊन. पहिला पाऊस होऊन गेला होता, टिनं निघालेली असल्यानं जिनिंगमध्ये तळं साचलं होतं. संध्याकाळी झरोक्याखाली बारीक जाळी लावून त्यांनी दोन वाघळं धरली. मी आशेनं विचारलं, कान जोडलेलेच आहेत ना? त्या काही बोलल्या नाहीत. खिशातून बॉलपेन काढलं, कांडी बाहेर ओढली, मोकळी नळी वाघळाच्या कपाळावर धरून हलकेच फुंकलं. कपाळावरचे केस दोन्हीकडे पांगले आणि मध्ये, दोन कानांच्या मुळांच्या दरम्यान, तांदळाच्या दाण्याएवढी उघडी कातडी दिसली. पट्टी नव्हती. माझ्या फोटोत जे जोडलं गेलं होतं ते केस होते.

मुलांनी ती नळी मागून घेतली आणि नंतर शाळेतल्या मांजरावर, एकमेकांवर, सगळ्यांवर फुंकून पाहिली.

आवाज आणि दात

त्या संध्याकाळी दोन गोष्टी आणखी कळल्या. वाघळं बाहेर पडून जिनिंगवर उंच घिरट्या घालू लागली तेव्हा मुलं म्हणाली, टिक्-टिक् ऐकू येतंय. मला काही येईना. "सर, तुमाले काऊन नाई येत आयकू?" माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, पण तो वरचा आकडा पोरांचा असतो. वय वाढतं तसा तो खाली येतो, पन्नाशीच्या माणसाला तर बराच खाली. ताईंच्या आवाज टिपणाऱ्या यंत्रावर या वाघळांच्या हाका १८ ते २२ किलोहर्ट्झच्या दरम्यान दिसत होत्या, सपाट, लांब, एकमेकींपासून अंतर राखून. उघड्या आभाळात लांबचा किडा शोधणाऱ्याला खालची पट्टी सोयीची, कारण उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो. उंदीरशेपटी असती तर मुख्य हाक याहून वर, तिशीच्या पुढे, आणि तिच्या जोडीला पटीतल्या आणखी रेषा दिसल्या असत्या.

दुसरी गोष्ट भिंतीच्या बुडाशी सापडली. जुन्या सरकीच्या आणि धुळीच्या थरात एक वाळून कोळ झालेलं वाघूळ होतं. ते ताईंनी परवानगीच्या कागदात नोंदवून घेतलं आणि भिंगाखाली त्याचा जबडा दाखवला. मोलोसिडीत वंश ठरवताना जाणकार शेवटी कवटीवर आणि दातांवर येतात. या कुळाची मोठी मोजदाद पॅट्रिशिया फ्रीमन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली, त्यातही भर तोच आहे. वरच्या दोन पुढच्या दातांच्या मध्ये टाळूला खोल खाच होती. टॅडारिडात ती रुंद असते, केरेफॉनमध्ये लहान. वरची शेवटची दाढ पाहिली, तिच्या माथ्यावरची धार इंग्रजी एन अक्षरासारखी वळत होती. याच कुळातल्या मॉप्स वंशात ही दाढ झिजल्यासारखी आखूड होऊन धार व्हीसारखी उरते. खाच, दाढ, कान, आवाज, चौघांची साक्ष एकच निघाली: टॅडारिडा इजिप्तिआका.

एक अट मात्र ताईंनी लिहून ठेवायला लावली. दात त्या वाळलेल्या वाघळाचे आहेत, मी मोजलेल्या वाघळाचे नाहीत. एकाच फटीत दोन जाती राहू शकतात.

नावाचा फेरफार

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न आला: सर, मग केरेफॉन म्हणजे नेमकं काय? नाव मोठं मजेचं आहे. केरेफॉन हा सॉक्रेटिसचा मित्र, आणि अथेन्सच्या एका जुन्या प्रहसनात त्याला 'वटवाघूळ' म्हणून चिडवलेलं आहे. डॉब्सन या प्राणिशास्त्रज्ञानं १८७४ साली ते नाव वंशाला दिलं.

पण ज्या केरेफॉनला मी इतका चिकटलो होतो तो वंशच आता डळमळीत आहे. डीएनए आणि नव्यानं तपासलेल्या शरीरखुणा यांवरून केरेफॉन आणि मॉप्स यांच्या जाती एकमेकांत मिसळलेल्या निघतात, म्हणून अलीकडच्या याद्यांत बरेच जण केरेफॉनला मॉप्समध्येच घालतात. सुरकुत-ओठी तिथे मॉप्स प्लिकॅटस होतं. आमच्या वाघळाच्या नावालाही इतिहास आहे. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर गेलेल्या एतिएन जॉफ्रवानं १८१८ साली त्याला निक्टिनोमस इजिप्तिआकस म्हटलं. इंग्रज काळातल्या पुस्तकांत ते निक्टिनोमसखालीच सापडतं. पुढे ध्यानात आलं की सिसिलीतल्या वाघळासाठी राफिनेस्क या निसर्गशास्त्रज्ञानं टॅडारिडा हे नाव १८१४ सालीच वापरलंय. दोन्ही एकाच वंशाची, आधीचं नाव राहतं, नंतरचं जातं.

शेतकऱ्याच्या पोरांना हे समजावणं सोपं गेलं. सातबाऱ्यावर फेरफार होतो तेव्हा नाव बदलतं, वावर जागचं हलत नाही. निक्टिनोमसचं टॅडारिडा झालं ते असं. केरेफॉनचं प्रकरण वेगळं, ते गट एकत्रीकरणासारखं: धुरा, म्हणजे बांध, कुठे आहे यावरच वाद. एका मुलीनं विचारलं, मग धुरा ठरवतं कोण? तलाठी तर नाही. मी सांगितलं ते असं: जात ही निसर्गात असते असं धरून चालता येतं, पण वंशाची कड माणसं पुराव्यावर ओढतात, आणि पुरावा बदलला की परत ओढतात. माझ्या उत्तरानं तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. मला ते चांगलंच वाटलं.

भिंतीचं काय झालं

टिनांनंतर मालकाला भिंतही पाडायची होती. कापूस म्हटला की बोंडअळी आलीच. सरपंचांनी विचारलं, हे वाघूळ बोंडअळी खाते म्हणता तं भिंत ठेवू. मला मोह झाला. कारण याच टॅडारिडा वंशातल्या ब्राझिली मुक्तशेपटीवर अमेरिकेत टेक्सासमध्ये काम झालंय. तिथल्या आठ कौंटींच्या कापसात ही वाघळं वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलरचं कीडनियंत्रण करतात असा २००६ सालचा अंदाज आहे. पण तिथे ती गुहांतून लाखोंनी निघतात. आमच्या झरोक्यात आबांच्या हिशेबानं साठ-सत्तर. जात वेगळी, तिथली बोंडअळी वेगळी, आमची गुलाबी बोंडअळी वेगळी. दोन चुकीची उत्तरं देऊन झाल्यावर तिसरं द्यायची हिंमत नव्हती. एवढंच म्हणालो की ही उडते किडे खातात, रात्रभर खातात, आणि मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, तेव्हा पावसाळ्यात भिंत पाडली तर पिल्लं मरतील. सरपंचांचा चेहरा पडला, पण मालकाशी ते बोलले. मालकालाही चिखलात ट्रॅक्टर घालायचा नव्हताच. दिवाळीपर्यंत भिंत राहिली.

वटवाघळांच्या प्रजननाबद्दल आपल्या विदर्भात आयतं ज्ञान आहे हे मला या निमित्तानं कळलं. नागपूरच्या विज्ञान संस्थेत ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या विषयावर दशकानुदशकं काम केलंय. आयुष्य वऱ्हाडात गेलं आणि हे नाव मी पन्नाशीत ऐकलं.

दिवाळीनंतर भिंत गेली. पाडण्याआधी आठ दिवस रोज संध्याकाळी मुलं मोजायला बसायची. शेवटच्या संध्याकाळी नऊ बाहेर पडली, बाकीची थंडी पडायच्या आधीच कुठेतरी गेली होती. डिसेंबरात नाल्यावरच्या पुलाच्या सांध्यात आबांनी लेंड्या दाखवल्या. वासही तोच, उग्र. टॉर्च मारला तर आत फक्त एक शेपटी दिसली, पडदा कुठे संपतो ते दिसेना.

वहीत त्या दिवशीची नोंद मुलांनी केली आहे: 'पूल, सांधा. शेपटी दिसली. कुळ: लिहिलं नाही.' त्याच्या दोन पानं आधी माझी राइनोपोमा आणि केरेफॉन ही नावं एकेक आडवी रेघ मारून खोडलेली आहेत, वाचता येतील अशी.